उपासाच्या कुंड्या

या अंकाचे संपादक मागच्या महिन्यात आमच्या बागेत आले होते, गुलाबाची कलमं न्यायला. कलमं बाजूला राहिली आणि गप्पाच फार झाल्या. जाताना म्हणाले, "सगुणाबाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याविषयी लिहा. जसं बोलता तसंच लिहा." मी म्हटलं, "साहेब, मी चौथी शिकलेली बाई. शिवाय जसं बोलते तसं लिहिलं, तर तुमचे निम्मे वाचक रुसून बसतील." माझी जीभ कशी आहे हे अख्ख्या लोणावळ्याला ठाऊक आहे. या जिभेनं एकदा एका म्हातारीचा जीव जायची वेळ आणली होती. तेच सांगायचं ठरवलंय. पण आधी धंदा काय ते सांगते, कारण पुष्कळांना तो धंदाच वाटत नाही.

मी मुंबईची घरं झाडांनी भरत असे. बंगले नव्हेत हं, बंगल्यांना पगारी माळी असतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे कारकून, शाळामास्तर, रेल्वेतले बाबू. दादर-माटुंग्याकडं तेव्हा नव्या चारमजली इमारती उभ्या राहत होत्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं हातभर गॅलरी. कोकणातून, देशावरून आलेली माणसं त्यात राहायची आणि चार दिवसांत त्यांना हिरव्या पानाची आठवण छळायला लागायची. मुंबईच्या नर्सरीत जाऊन एक पाम विचारला की निम्मा पगार गेला. मी मात्र एका बऱ्या लुगड्याच्या पैशात दोन खोल्या हिरव्या करून द्यायची, आणि वर्षभरात झाड मेलं तर बदलून द्यायची. हा माझा शब्द होता. तो शब्द हेच माझं दुकान आणि तीच माझी पाटी.

इतकं स्वस्त कसं जमायचं? तर आमचे कारभारी लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर माळी होते. शेठ वर्षातून दीड महिना यायचे. बाकीचे साडेदहा महिने बंगला झाडांचा आणि आमचा. छाटणी झाली की क्रोटनच्या रंगीत पानांच्या फांद्यांचे ढीग उकिरड्यावर जायचे. मला ते बघवेना. मी त्या फांद्या ओल्या वाळूत खोचायला लागले, आणि महिन्याभरात दहातल्या सात जगल्या. शेठनी बंगल्यामागची ओढ्याकाठची जागा वापरायला दिली. पुढं कारभाऱ्यांचे गुडघे इथल्या दमट हवेनं धरले. मग ते बसल्या जागी माती कालवायचे, कुंड्या भरायचे, आणि उभं राहून करायचं ते सगळं माझ्याकडं आलं.

कुंड्या सोमाटण्याच्या कुंभाराकडच्या, तडा गेलेल्या किंवा भट्टीत वाकड्या झालेल्या. तो त्या टाकूनच द्यायचा. रॉकेलचे डबे, नारळाची सोडणं, करवंट्या, काही म्हणून वाया घालवलं नाही. कुंडीच्या तळाला घालायला स्टेशनाजवळ इंजिनातून पडलेला अर्धवट जळका कोळसा फुकट मिळायचा. तो घातला की पाणी तुंबत नाही. पुढं विजेच्या गाड्या आल्या आणि सगळं लोणावळं खूश झालं, आम्ही दोघं मात्र सुतकात. मग विटांचे तुकडे फोडत बसायची पाळी आली.

झाडं कुठली? थोडी बंगल्यातली, थोडी डोंगरातली. नेचे तर आमच्याकडं दगडादगडावर. आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर वाढणारी, फुलांचे तुरे लोंबणारी सीतेची वेणी वाऱ्यानं पडली की उचलून आणायची आणि कोळशाच्या तुकड्यावर बांधायची. झाडावर असलेली कधी ओरबाडली नाही. पानफुटी एक पान टाकलं तरी उगवते. कोरफड होतीच. आणि एक झाड, उभ्या तलवारीसारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचं. शेठ त्याला काहीतरी इंग्रजी नाव घ्यायचे, आम्ही 'तलवार' म्हणायचो. ते अंधारात टाका, विसरा, गावाला जा, आल्यावर ते तसंच उभं असतं.

आठवड्यातून दोनदा पाट्या भरून सकाळच्या गाडीनं मी मुंबईला जायची. गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की पहिलं काम म्हणजे खोलीची परीक्षा. भर दुपारी, दिवा न लावता, घरातल्या माणसाला कोपऱ्यात पोथी घेऊन बसवायचं. ओळ न ओळ वाचता आली तर तिथं क्रोटन. नुसती मोठी अक्षरं दिसली तर नेचा. पान हातात आहे एवढंच कळलं तर तलवार. आणि पोथीच दिसली नाही, तर तिथं पितळेची घागर घासून ठेवा म्हणून सांगायची. मोठमोठे साहेब माझ्यासमोर मांडी घालून पोथी वाचत बसलेत. मला लय मजा वाटायची.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. एक वकिलीणबाई होत्या. त्यांची तक्रार अशी, की क्रोटन त्यांच्याकडं पाठ फिरवतं. झाड उजेडाकडं वळतं हे त्यांना पटेना. त्या रोज कुंडी फिरवून झाडाचं तोंड आपल्या खुर्चीकडं करायच्या आणि ते बिचारं पुन्हा खिडकीकडं वळायचं. दोन महिन्यांत त्याची पार चकली झाली. शेवटी मी खुर्ची उचलली आणि खिडकीत ठेवली. म्हटलं, "बाई, आता ते तुमच्याकडंच बघतंय." खूश झाल्या. दिवाळीला मला चोळखण दिला.

आणखी एक गोष्ट मी काढली होती, तिचा मला आजही अभिमान आहे. माणसं हवापालटाला लोणावळ्याला येतात ना, तसा मी झाडांचा हवापालट करायची. कोमेजलेलं झाड परत आणायचं, त्याच्या जागी दुसरं ठेवायचं, आणि आजाऱ्याला दोन महिने ओढ्याकाठी ठेवून टवटवीत झालं की पुन्हा धाडायचं. कारभारी म्हणायचे, "शेठ हितं येऊन बरं होत्यात का म्हाईत न्हाई, पन झाडं व्हत्यात."

असं सगळं सुरळीत चालू असताना रामभाऊ आले.

रामभाऊ दादरला राहायचे आणि परळला एका गिरणीच्या हापिसात कारकून होते. मूळचे आमच्याच मावळातले. ते लहान असताना धरण झालं आणि त्यांचं गाव तळ्याखाली गेलं. आई विधवा, नाव भागूबाई. गाव गेल्यावर ती कामशेतला भावाकडं राहिली. भाऊ वारला तसं रामभाऊंनी तिला दादरला तिसऱ्या मजल्यावर आणलं. आता ती तिथं रमेना.

"सगुणाबाई, ती दाराशी बोचकं घेऊन बसते," ते सांगायला लागले. "म्हणते, मला परत ने. कुठं नेऊ? तिथं पाणी आहे. जेवण निम्मं झालंय. तुम्ही आमच्या डोंगरातली झाडं आणून माझं घर भरा. पण मी कारकून माणूस आहे, हे ध्यानात घ्या."

मी म्हटलं, "रामभाऊ, तुमच्या आईला घरात डोंगर आणून देते. बघाच तुमी." असं फुशारकीनं बोलायची मला सवयच.

दोन खेपांत चोवीस कुंड्या नेल्या. भागूमावशी खरंच दाराशी बसली होती. हडकुळी, ताठ, कपाळावर गोंदण. पहिल्या पाटीवरचं ओलं फडकं मी काढलं आणि ती उठून आली. नेच्याला हात लावला, वास घेतला.

"ह्यो तर आमच्या विहिरीतला!" ती म्हणाली. "आन् ही येनी? म्हसोबाच्या वाटंवर जांभळीला असायची. कुटं घावली गं तुला?"

प्रत्येक झाडाशी ती ओळख काढत होती, लग्नाला आलेल्या पाहुण्यांशी काढावी तशी. रामभाऊंची बायको शांता स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. त्या दिवशी मावशी दोन भाकरी जेवली. मी घरी येऊन कारभाऱ्यांना सांगितलं, "असं घर आजवर भरलं नव्हतं."

महिना झाला आणि झाडं पिवळी पडायला लागली.

आधी पानफुटी गळाली. मग कोरफड बुडाशी मऊ झाली. मग चक्क तलवार आडवी पडली. जन्मात कधी तलवार मेलेली मी पाहिली नव्हती! मी झाडं बदलून दिली. नवीही तशीच गेली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा संशय घेतला, शेगडीच्या धुराचा घेतला, मातीचा घेतला. कुंड्या ओल्या लागायच्या, ते मी मुंबईच्या दमट हवेवर ढकललं. कारभाऱ्यांशी भांडले, की तुमी माती नीट कालवत नाही. शांताला विचारलं, "पाणी किती घालता?" ती म्हणाली, "मी घालतच नाही, सासूबाईंचं काम ते. त्या घालतात सकाळी थोडंसं." इमारतीतली बाकीची बिऱ्हाडं बघत होती. तळमजल्यावरचे एक मास्तर मला ऐकू जाईल असं म्हणाले, "लोणावळ्याची हवा झाडांना मानवते, दादरला ती मरायलाच येतात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि भागूमावशी? तिनं मनात एक पक्कं धरलं होतं. शांतानं मला जिन्यात गाठून सांगितलं. मावशी म्हणत होती, "आपल्या मातीतलं हितं काय जगत न्हाई. ती गेली, आता माझी बारी."

एकदा ठरलेला वार सोडून, न कळवता मी अगदी पहिल्या गाडीनं गेले. दार शांतानं उघडलं. गॅलरीत भागूमावशी नुकतीच आंघोळ करून, ओल्या केसांनी, हातात तांब्या घेऊन उभी. तुळशीला पाणी घातलं, नमस्कार केला. मग पुढच्या कुंडीला तांब्याभर. तिच्या पुढच्या कुंडीला तांब्याभर. बादलीतून तांब्या बुडवत ती एकेक करत चोविसांना तांब्यातांब्यानं पाणी घालत निघाली. तलवारीला तेवढंच, कोरफडीला तेवढंच.

"मावशी! रोज घालता?"

"रोज तर!" ती अभिमानानं म्हणाली. "तुळशीला वाढायचं आन् बाकीच्यांनी तोंडाकडं बघायचं व्हय? पंगतीत एकाला येक आन् दुसऱ्याला येक, असला पंक्तिप्रपंच माझ्या हातनं व्हनार न्हाई. दुपारच्यालाबी घालते, ऊन असलं की."

इथं मी शहाणी असते तर हसले असते. पण मास्तरांचं बोलणं डोक्यात, दोन महिन्यांची वणवण अंगात, आणि समोर सडलेली तलवार. मी ती उपटली. मुळांचा काळा चिखल तिच्यापुढं धरला आणि बोलून गेले:

"बगा! गाव गेलं पाण्यात, ते पुरं झालं न्हाई व्हय तुमास्नी? आता माझी झाडं बुडवायला निघालाय!"

मावशीनं तांब्या खाली ठेवला.  भिंतीशी जाऊन पाठमोरी बसली. शांता माझ्याकडं अशी बघत होती, की मला तिथं उभं राहवेना. मी मेलेली झाडं पाटीत भरली आणि निघाले. गाडीत बसल्यावरसुद्धा मी मनाशी हेच म्हणत होते, की खोटं काय बोलले? खोटं नव्हतंच ते, म्हणून तर इतकं लागलं.

आठ-दहा दिवसांनी रामभाऊंचं कार्ड आलं. "आईनं त्या दिवसापासून अन्न जवळजवळ सोडलंय. पेजसुद्धा ओठाला लावून ठेवते. म्हणते, माझ्या हातानं समदं बुडतं. झाडांकडं बघत नाही, आम्हांला हात लावू देत नाही. तुमचा दोष नाही, पण तुम्ही एकदा याल का?"

'तुमचा दोष नाही' हे वाचून मी ओट्यावरच बसले. कारभाऱ्यांना कार्ड वाचून दाखवलं. आमचे कारभारी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही बोलले. माती कालवता कालवता म्हणाले, "झाड वाचवाया गेलीस आन् मानूस मारून आलीस की गं."

मला रडू फुटलं. रडत रडतच स्वयंपाक केला आणि त्यांच्यापुढं ताट नेऊन ठेवलं. ते ताटाकडं बघायला लागले.

"आगं, आज एकादस न्हाई का? मला उपास हाय. उपासाच्या माणसाला वाढतीस व्हय, पाप लागंल तुला."

मी ताट उचललं आणि तशीच उभी राहिले. पंगतीत उपासाचा माणूस बसला, त्याला कुणी भात वाढला नाही, तर त्याला कुणी पंक्तिप्रपंच म्हणत नाही. उलट वाढलं तर पाप! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कारभाऱ्यांना म्हटलं, "तुमी आज उपास केलात म्हणून वाचले मी." त्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "मग ताट न्हे की."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. पहाटेच्या गाडीनं गेले. पाटीत झाडं नेली नव्हती. एका पुरचुंडीत गेरू, चुना आणि नाचणीच्या दोन भाकऱ्या होत्या.

मावशी अंथरुणावर, तोंड भिंतीकडं. मी आधी गॅलरीत गेले. दहा दिवस कुणी पाणी घातलं नव्हतं. मावशी उठली नव्हती आणि शांतानं भीतीनं हात लावला नव्हता. नेचे सुकून गेले होते. पण वाचलेल्या सहा-सात कुंड्यांची माती कोरडी खडखडीत, आणि एका क्रोटनला बोटभर तांबूस पालवी. मी ती कुंडी उचलली, आत आणली, मावशीच्या उशाशी ठेवली आणि तिचे पाय धरले.

"मावशी, चुकले. जीभ झडावी माझी. असं बोलायला नको होतं."

 मग भिंतीकडूनच आवाज आला. "खरं त्येच बोललीस. पन खरं हळू बोलावं मानसानं."

 मी धीर करून म्हटलं, "खरी चूक तर माझीच हाय. झाडं दिली, पण त्यांचे उपास सांगायचे राहिले."

"कसले उपास?"

"झाडांचे. तलवारीचं व्रत लय कडक. पंधरवड्यातनं एकदा पाणी घेते, बाकी निर्जळी. कोरफडीचं तसंच. पानफुटी सोमवार-गुरुवार घेते. क्रोटनचं एक दिवसाआड. सीतेच्या येणीला नुसता फळाहार, अंगावर चार थेंब शिंपडायचे. आन् नेचा लेकुरवाळा, त्याला उपास झेपत न्हाई, त्याला रोज वाढायचं. तुमी काय केलंत, सगळ्यांचे उपास मोडलेत."

आता मावशी वळली. खोल गेलेले डोळे माझ्यावर रोखले. मावळातली बाई ती, तिला काय फसवायचं!

"रानात करत नव्हती ती उपास. मी काय रान बगितलं न्हाई व्हय?"

"रानात पाऊस ठरवतो, मावशी. पाणी आलं तसं वाहून जातं. हितं कुंडीत कोण ठरवणार? तुमीच ठरवायचं."

"आन् पावसाळ्यात?"

"चातुर्मास पाळतात सगळी. निम्मंच घेतात."

तिच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. "लय पढवलेली दिसतात तुजी झाडं."

"काल एकादशी झाली," मी म्हटलं. "आज द्वादशी. या सगळ्यांचं आज पारणं हाय. पण यजमानीण उपाशी असली तर पारणं कसं सुटायचं? त्या क्रोटनकडं बघा. दहा दिवस थांबलंय बिचारं."

मी भाकरीचा तुकडा मोडून तिच्यापुढं धरला. रामभाऊ दारात उभे होते. मावशीनं क्रोटनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तो तुकडा घेतला आणि सावकाश चावायला लागली. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाली, "पोरी, तांब्या आन गं." शांतानं तांब्या आणला. मावशीनं स्वतःच्या हातानं क्रोटनला पाणी घातलं, आणि मला विचारलं, "बास का?" मी म्हटलं, "बास." ती थांबली.

रामभाऊ आत जाऊन मोठ्यानं नाक शिंकरायला लागले.

त्या दिवशी मी आणि शांतानं मिळून कुंड्यांवर गेरू-चुन्याच्या खुणा काढल्या. रोज घेणाऱ्याला आडवी पांढरी रेघ, एक दिवसाआड घेणाऱ्याला दोन ठिपके, व्रतवाल्या तलवारीला वर त्रिशूळ. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण खुणा तिच्या चटकन ध्यानात राहिल्या. पुढच्या खेपेला गेलेल्या झाडांच्या जागी नवी नेली. त्यातलं एकही मेलं नाही. एकही!

सहा महिन्यांत त्या इमारतीतल्या दहा बिऱ्हाडांनी माझी झाडं घेतली. 'उपासाच्या कुंड्या' हे नाव त्यांनीच पाडलं. शेजारच्या इमारतीतली एक गोव्याची बाई म्हणाली, "आमचा उपास शुक्रवारी असतो, झाडालाही शुक्रवारच लावा." लावला. झाडाला काय, एक वार चुकल्याशी कारण. आणि तळमजल्यावरचे मास्तर? त्यांनी आठ कुंड्या घेतल्या. मी त्यांना सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात बसवून पोथी वाचायला लावली, पुरा अध्याय. तेवढं मी केलंच. लोक मला विचारतात, की खोटे उपास सांगून फसवलंत का? मी म्हणते, खाणाऱ्याला नको असेल तेव्हा न वाढणं यालाच उपास म्हणतात. त्यात खोटं काय आहे?

मावशीचं माझं मग सख्ख्यासारखं झालं. दर खेपेला ती मला काही ना काही बांधून द्यायची. पण लोणावळ्याला ये म्हटलं की मान हलवायची. "त्या तळ्याच्या अंगाला मी तोंड करनार न्हाई," एवढंच. मी कधी आग्रह केला नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेलेलं होतं, आणि ते काही परत घेता येत नव्हतं.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका आषाढात लोणावळ्यात चार दिवस पाऊस अखंड कोसळला. बंगल्यामागचा ओढा भरदुपारी फुटला. कारभाऱ्यांना मी कसंबसं ओढत बंगल्याच्या पायरीवर नेलं आणि तिथून आम्ही दोघं बघत राहिलो. फांद्या घ्यायची थोरली झाडं, वाळूतली कलमं, कुंड्यांच्या रांगा, सगळं अर्ध्या तासात गेलं. वीस वर्षांत जमवलेलं. पाणी ओसरल्यावर चिखलात एक रॉकेलचा डबा तेवढा उभा होता. शेजारीपाजारी म्हणाले, माणसं वाचली ना. खरं होतं ते. पण मला घास गिळवेना. सारखं वाटायचं, भागूमावशीला बोलले ते माझंच मला परत मिळालं. कारभारी ताट आणून ठेवायचे आणि मी ते तसंच सारायची.

रामभाऊंना मी दोन ओळींचं कार्ड टाकलं, की आता झाडं बदलून देता येणार नाहीत, शब्द मोडते आहे, माफी असावी.

आठव्या दिवशी, पावसानं उघडीप दिली होती, बंगल्याच्या फाटकाशी टांगा थांबला. आधी रामभाऊ उतरले. मग त्यांच्या खांद्याला धरून भागूमावशी. सत्तरीची, वाकलेली. जिनं या अंगाला तोंड करायचं नाही म्हटलं होतं, ती माझ्या दारात उभी! आणि टांग्यातून पाट्या उतरायला लागल्या. एक, दोन, पाच, सात. ओल्या फडक्यांखाली करवंट्या, डबे, फुटक्या बरण्या, आणि प्रत्येकात रोप. नेचे, तलवारी, पानफुट्या, क्रोटनची कलमं, कोळशावर बांधलेली सीतेची वेणी. अख्ख्या इमारतीनं आपापल्या झाडाचं एकेक पिल्लू काढून दिलं होतं. मास्तरांनी आठ दिली होती. सगळ्यांवर गेरू-चुन्याच्या खुणा.

मला बोलता येईना. मी, सगुणा, आणि बोलता येईना!

मावशीनं बागेवरून नजर फिरवली. चिखल, उपटलेली मुळं, लोळलेल्या कुंड्या. तिला माझं ते वाक्य मला परत करायचं असतं, तर हीच वेळ होती. ती नुसती म्हणाली, "पान्यानं न्हेलं ना? न्हेऊ दे. मला ठावं हाय ते."

मग कंबरेला पदर खोचून ती कामालाच लागली. कारभारी माती कालवून देत होते, रामभाऊ खड्डे करत होते, मी रोपं लावत होते. संध्याकाळपर्यंत चार रांगा उभ्या राहिल्या. मावशीनं तांब्या मागितला. पहिल्या रोपाला तांब्याभर पाणी, दुसऱ्याला तांब्याभर. नेच्याला तेवढंच, तलवारीला तेवढंच, एकालाही कमी नाही. रामभाऊ घाबरून माझ्याकडं बघायला लागले. मी मानेनंच असू दे म्हटलं. नव्या मातीत रोप लावलं की पहिल्या दिवशी पोटभर पाणी द्यावंच लागतं. मावशीला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

शेवटच्या रोपाला पाणी घालून ती माझ्यापाशी आली. माझं तोंड निरखून बघितलं आणि कारभाऱ्यांना विचारलं, "किती दिस जेवली न्हाई ही?"

"आट दिस झालं. नावाला खातीया."

मावशी खाली बसली. बोचकं सोडलं, त्यातून भाकरी काढली, तुकडा मोडला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"समद्यांचं पारणं झालं. पन यजमानीण उपाशी असली तर त्ये सुटत न्हाई. तूच सांगितलंवतंस न्हवं?"

मी तोंड उघडलं आणि तिनं घास घातला.